दूध तुटल्यावर

बाल्कनीतल्या बादलीला वास यायला लागला, तिथून सगळं सुरू झालं. एसीच्या नळीखाली आम्ही एक निळी बादली ठेवतो. थेंब थेंब पाणी साचतं, ते फरशी पुसायला होतं. मार्च संपत आला होता, मस्कतच्या घुब्रा भागातल्या सगळ्या बिल्डिंगांचे एसी नुकते घरघरायला लागले होते. त्या सकाळी मी बादली उचलायला वाकले तर आंबट भपकारा नाकात शिरला. पाणी पांढुरकं झालेलं, काठाला फाटलेल्या दुधाचे तुकडे चिकटलेले. मी बादलीची कडी हातात धरून तशीच उभी राहिले. काही गोष्टी लगेच कळतात, फक्त त्या आपल्याला कळू नयेत असं वाटत असतं. रोज सकाळी मी झरीनच्या हातात दुधाचा पेला द्यायचे. तेवढ्यात कुकरची शिट्टी व्हायची नाहीतर आतून यूनुस मोजे विचारायचे, मी वळायचे, आणि परत बघेपर्यंत पेला रिकामा असायचा. मी खूश. गावी बहिणीला, आपाला, फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगूनही टाकलं होतं, बघ, तुझ्याकडे नखरे करायची, माझ्याकडे मुकाट पिते. पोर ते दूध बादलीत ओतत होती. आठ वर्षांची पोर, माझ्या पोटची, आणि माझ्या घरात येऊन तिला जेमतेम महिना झाला होता.

शहाण्या बाईनं काय केलं असतं मला माहीत नाही. मी नवा पेला भरला आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "पी. माझ्यासमोर पी." झरीननं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे माझ्या आईसारखे आहेत, त्यामुळे ती बघते तेव्हा मला उगाचच आपली झाडाझडती चाललीय असं वाटतं. तिनं पेला तोंडाला लावला आणि नजर न हलवता शेवटपर्यंत प्यायली. मग सोफ्यावर जाऊन बसली. थोड्याच वेळात तिच्या पोटातला आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला, गुडगुड, कुणीतरी माठ हलवावा तसा. ती पाय पोटाशी घेऊन आडवी झाली, मग उठून संडासात पळाली. बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. दाराच्या चौकटीला धरून म्हणाली, "माना अम्मीकडे जायचाय." अम्मी म्हणजे मी नाही. अम्मी म्हणजे खुदेजाआपा, माझी थोरली बहीण, रत्नागिरीजवळच्या खाडीवरच्या आमच्या गावात राहणारी. मला झरीन काहीच म्हणत नाही. काही हवं असलं की येऊन शेजारी उभी राहते, फार झालं तर "ऐका ना" म्हणते. महिनाभर मी तिच्या तोंडून एका शब्दाची वाट बघत होते, आणि ती इतकी हुशार की तो शब्द न वापरता तिनं महिना काढला.

यूनुस दाढी अर्धवट ठेवून बाहेर आले. त्यांनी आधी पोरीला पाणी दिलं, मग मला बाजूला घेतलं. "फरिदा, जाऊ दे तिला. तुमच्या लॅबमधला मजीद शुक्रवारी चाललाय गावाला, बहिणीच्या निकाहला. त्याच्याबरोबर जाईल. सुट्टीत परत आणू." यूनुस हे असे आहेत. स्पेअर पार्टच्या दुकानात त्यांचं आयुष्य चाललंय, हा पार्ट नाही बसत तर परत पाठवा, दुसरा मागवू. तसं मी म्हणालेही. ते हसले नाहीत. "शनिवारी शाळा उघडते," मी म्हणाले, "ॲडमिशन झालीय, युनिफॉर्म शिवून आलाय." "युनिफॉर्मसाठी ठेवायची का तिला?" ते म्हणाले. एकदा गेली की ती परत यायची नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. दोन वर्षांनी ती आणखी मोठी होईल, तिथल्या शाळेत रुळेल, मैत्रिणी होतील, मग आम्ही मस्कतहून सुट्टीत येणारे पाहुणे होऊ, हातावर चॉकलेटं ठेवणारे. मला ती आत्ता हवी होती. नंतर नको होती. इतकं साधं होतं ते, आणि मी ते मोठ्यांदा म्हणू शकत नव्हते, कारण म्हटलं असतं तर रडले असते, आणि खाली लॅबची पिकअप हॉर्न देत होती.

सीबच्या पुढे खजुरांच्या बागा लागतात तिथे आमची लॅब आहे. जनावरांवरच्या औषधांचं काम चालतं. रस्त्यानं एका बाजूला डोंगर येत राहतात, भाजलेल्या विटांसारखे, एकाही झाडाशिवाय, आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असतो पण दिसत नाही, फक्त त्याचा चिकट वारा येतो. पलीकडे सरळ रेषेत गेलं तर आमचं गाव लागेल, असं मी पहिल्या वर्षी रोज मनाशी म्हणायचे. तोच समुद्र, त्याच्या एका काठावर मी आणि दुसऱ्या काठावर माझी पोर दुसऱ्या बाईच्या कुशीत. मी बाळंतपणाला गावी गेले होते. झरीन झाली आणि आठवड्याच्या आत मला थंडीतापानं गाठलं, छातीत गाठी झाल्या, पू झाला. तालुक्याच्या डॉक्टरनं अँटिबायोटिकची मोठमोठी इंजेक्शनं सुरू केली आणि सांगितलं, हिचं दूध बाळाला देऊ नका. आपाचा ताबिश तेव्हा पाच महिन्यांचा होता. आपानं काहीही न बोलता झरीनला उचललं आणि पाठ करून बसली. मी खाटेवरून तिची पाठ बघत होते. ताबिश एका बाजूला, झरीन दुसऱ्या बाजूला, आणि आपाची वेणी मध्ये. माझं दूध आटावं म्हणून आईनं माझ्या छातीवर मोगऱ्याच्या कळ्या बांधल्या, फडक्यानं करकचून. तापात तो वास डोक्यात चढायचा. अजूनही इथल्या दार्सैत भागात देवळाजवळ कुणी गजरे घेऊन बसलेलं दिसलं की मी रस्ता ओलांडते. यूनुसना वाटतं मला फुलांची ॲलर्जी आहे.

आमच्यात दुसऱ्याचं मूल अंगावर पाजलं की ते लपवून चालत नाही. गावाला सांगावं लागतं. दुधानं नातं लागतं, पाजणारी आई होते, तिची पोरं भावंडं होतात, उद्या नकळत त्यांचीच एकमेकांशी लग्नं लागू नयेत म्हणून आधीच चारचौघांच्या कानावर घालायचं असतं. आईनं ते फार मन लावून केलं. मशिदीच्या गल्लीत घरोघर गेली. मी खाटेवर पडून ऐकायचे, शेजारच्या अंगणातून तिचा आवाज यायचा, "आमच्या झरीनना खुदेजानं पाजलाय बरं, ध्यानात ठेवा, ताबिश तिचा दूधभाव." बायका "माशाल्ला" म्हणायच्या. म्हणजे माझी पोर दुसऱ्याची झाली याला अख्खं गाव साक्षी होतं. ती माझी आहे हे सांगायला कोणी कुठे गेलं नाही, ते काय सांगायचं. मी बरी झाले तोवर रजा संपली होती. सहा महिन्यांत घर मिळालं की घेऊन जाऊ, असं ठरलं. मग फ्लॅटचं लांबलं, यूनुसची नोकरी बदलली, मग आई म्हणाली आता दात येतायत, आता प्रवास नको, मग आपा म्हणाली जरा बोलायला लागू दे. ती बोलायला लागली. पहिला शब्द अम्मी. आपानं मला फोन करून सांगितलं, फरिदा, पोर अम्मी म्हणाली! तिच्या आवाजातला आनंद खरा होता. मीही "अल्हमदुलिल्ला" म्हणाले. आपाशी भांडायला मला आजवर एकही कारण सापडलेलं नाही, आणि याचाच मला कधीकधी राग येतो.

लॅबमध्ये त्या दिवशी शेवटची करडं होती. प्रयोग साधा होता. शेळ्यांच्या करडांना बाटलीतून दूध पाजायचं, अर्ध्यांच्या दुधात अँटिबायोटिक घालायचं, अर्ध्यांच्या नाही. मग त्यांच्या आतड्याच्या अस्तरात पाचक एंझाइम किती उरलीत ते बघायचं. शाळेत आम्ही त्यांना विकरं म्हणायचो. माझ्याकडे लॅक्टेज होतं, दुधातली साखर फोडणारं. ते नसलं तर दूध पोटात जातं पण पचत नाही, नुसतं आंबतं, गुडगुडतं, वाहून जातं. मजीदभाई करडू किबल्याकडे, मक्केच्या दिशेला, वळवून बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायचे, कारण औषध न दिलेल्यांचं मटण लॅबमध्ये वाटून घ्यायची पद्धत होती आणि ते हलाल लागायचं. औषध दिलेली जाळायची. आतडं लगेच बर्फात यायचं. मी ते थंड पाण्यानं धुवायचे, उभं चिरायचे आणि काचेच्या पट्टीच्या कडेनं आतलं अस्तर खरवडून घ्यायचे. मऊ असतं ते, सायीसारखं निघतं. ते वाटून, त्यात दुधाची साखर घालून, कोमट पाण्यात ठेवून, शेवटी रंग बघायचा. जितकं एंझाइम जास्त, तितका गुलाबी रंग गडद. पहिल्या खेपेला, औषध चालू असताना, नळ्यांच्या दोन ओळींत फरक आंधळ्यालाही दिसला असता. साध्या करडांची ओळ गडद गुलाबी, औषधवाल्यांची फिकी, धुवून धुवून विटलेल्या ओढणीसारखी. त्यानंतर औषध बंद केलं होतं. उरलेली करडं काही आठवडे मोकळी सोडली होती. गेलेलं एंझाइम परत येतं का, एवढंच आता बघायचं होतं.

मी खरवडत होते आणि माझा हात थांबला. मागच्या पंधरवड्यात झरीनचा कान फुटला होता. कुरुमच्या क्लिनिकमध्ये तिला अँटिबायोटिकचं सिरप दिलं होतं, केशरी रंगाचं. कोर्स पुरा करायचा म्हणून मी स्वतः चमच्यानं मोजून पाजलं. त्याच्यानंतर तिचं पोट बिघडलं आणि मला वाटलं पाणी बदललं, हवा बदलली. अंगात ताकद यावी म्हणून मी दूध वाढवलं. एकाचे दोन पेले केले. काचेची पट्टी हातात धरून मी बर्फाच्या ट्रेकडे बघत राहिले. जगातल्या सगळ्या बायकांमध्ये हे मला तरी कळायला हवं होतं. दिवसभर मी करडांच्या आतड्यात हेच बघत होते, आणि घरी जाऊन माझ्याच पोरीला म्हणत होते, पी, माझ्यासमोर पी. ती नखरे करत नव्हती. तिला दुखत होतं आणि ते मला कसं सांगायचं हे तिला कळत नव्हतं, कारण सांगायला आधी हाक मारावी लागते. म्हणून तिनं बादली शोधली. मी तिला दूध का पाजत होते? कॅल्शियमसाठी नाही. मला ते आठ वर्षांपूर्वीचं द्यायचं होतं. तेव्हाचं राहिलेलं मी दुकानातल्या कार्टनमधून पाजून पुरं करत होते, हे मला तिथे, हात गारठलेले असताना, स्वच्छ दिसलं, आणि मला स्वतःची इतकी कीव आली की मी हातमोजे काढून टाकले.

मजीदभाई दारात आले. ते श्रीवर्धनकडचे, यूनुसबरोबर जुम्म्याच्या नमाजला असतात, म्हणून मला भाबी म्हणतात. "भाबी, शुक्रवारची फ्लाइट हाय. पोरीना न्यायचा असेल तर आज संध्याकाळपर्यंत सांगा, म्हंजे एजंटला बोलता येल." मी म्हणाले, सांगते. ते जरा घुटमळले. "मी नीट नेईन तिना. माझी पन पोर हाय तेवडी." मी मान हलवली. त्यांचा काय दोष, मी त्यांच्याशी कशाला वाईट वागले असते?

दुपारी नळ्या तयार झाल्या. मी दोन्ही ओळी खिडकीसमोर धरल्या. दोन्ही सारख्या होत्या. औषधवाली कोणती आणि साधी कोणती, चिठ्ठ्या काढल्या असत्या तर मला सांगता आलं नसतं. आमचे सुदानी डॉक्टरसाहेब खांद्यावरून वाकले, आकडे बघितले आणि खूश होऊन टेबलावर थाप मारली. "खलास, फरिदा! फुल रिकव्हरी. मबरूक." सगळं परत आलं म्हणे, अभिनंदन म्हणे. मी नळ्या खाली ठेवल्या नाहीत. त्या सारख्या होत्या, पण गडद नव्हत्या. दोन्ही ओळी फिक्या होत्या. पहिल्या खेपेच्या औषधवाल्या करडांइतक्याच फिक्या. "डॉक्टर, पण ही तर कमीच आहेत," मी म्हणाले, "दोन्हीकडे कमी आहेत." त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानं पाहिलं. "अर्थात. ती मोठी झाली. आता चारा खातात. दूध तुटलं की ते एंझाइम उतरतंच, औषध दिलेलं असो की नसो. आजच्या साध्या करडांशी तुलना कर, पहिल्यांच्याशी नको." हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या पुस्तकात होतं, मी परीक्षेत लिहिलं होतं. पण मी ज्याची वाट बघत होते ते दुसरंच होतं. मला वाटत होतं, जे गेलं ते भरून येईल, गडद होऊन परत येईल. आणि झालं होतं असं, की ज्यांचं काही गेलं नव्हतं त्यांचंही दरम्यान उतरलं होतं, आपोआप, कुणी काही न करता, आणि दोघं येऊन एका पायरीवर उभे राहिले होते.

परतीच्या पिकअपमध्ये मला एकदम ताबिश आठवला. ताबिशला आपानं वर्ष दीड वर्ष पाजलं, कुणी अडवलं नाही, कसलं औषध नाही. गेल्या सुट्टीत मी गेले तर ताबिश आईला "अगं जा ना" म्हणून ढकलून क्रिकेट खेळायला पळत होता. आपा हातात ताट घेऊन अंगणात उभी होती आणि तो वळून बघत नव्हता. तेव्हा मला आपाचं हसू आलं होतं. म्हणजे मी पाजलं असतं तरी आज झरीन अशीच कुठेतरी निघाली असती. फरक इतकाच, की तिच्या जाण्याआधीचं माझ्याकडे काही नाही. उतरायला माझ्याकडे गडद असं काही नव्हतंच. खिडकीबाहेर डोंगर सरकत होते आणि मला आपाचा हेवा वाटत होता, तिला पोरं सोडून जातात म्हणून सुद्धा. ड्रायव्हरनं रेडिओ लावला. मी त्याला आवाज कमी करायला सांगितलं.

घरी यूनुस नव्हते, शेजारची उर्वी झरीनजवळ बसली होती. झरीन जाणार होती त्याच शाळेतली, इंग्रजीत काहीतरी बडबडत होती आणि झरीन न समजता ऐकत होती. उर्वी गेली. झरीन सोफ्याच्या कोपऱ्यात सरकली. मी स्वयंपाकघरात जाताना तिची नजर माझ्या हातावर होती, पेला येतोय का म्हणून. मी फ्रिजमधलं कार्टन काढलं आणि सिंकमध्ये ओतलं, तिला दिसेल असं. मग फोन घेऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसले. "अम्मीला लाव," मी म्हणाले. माझ्या तोंडून तो शब्द आपासाठी पहिल्यांदाच निघाला होता. झरीन चपापली. "विचार तिला, पोट बिघडलं की तू मला काय देतेस. मला माहीत नाहीये."

लाइन लागली तेव्हा झरीननं रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला. पलीकडून आपाचा मोठा आवाज खोलीभर आला, ट्रंककॉलच्या काळापासून तिला ओरडूनच बोलायची सवय आहे. "काय झाला? पोट दुखता? दूद नको देव म्हण तिना! पेज करायला सांग, पेज! उकड्या तांदळाची, वर मीट. आनि लिंबाचा लोणचा, रस नुसता, फोड नको." मी कोपऱ्यावरच्या मल्याळ्याच्या दुकानातून आणलेला लाल उकडा तांदूळ काढला. धुताना पाणी गुलाबी झालं, मी ते ओतून दिलं. तांदूळ शिजेपर्यंत त्या दोघी बोलत होत्या. कोंबडीला पिल्लं झाली होती, ताबिशनं कुणाची तरी काच फोडली होती. मी पळी ढवळत ऐकत होते. माझ्या घरात ती एवढं बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते. मजीदभाईंना काय सांगायचं ते माझं ठरलं होतं. ठरलं म्हणजे मी रडले नाही, एवढंच.

पेज वाटीत घातली, वर मीठ, लोणच्याचा रस, फोड नाही. झरीननं रिसिव्हर खांद्यात धरून एक चमचा घेतला. फुंकर न मारता घेतला, जीभ पोळली, तरी दुसरा घेतला. मग वाटी मांडीवर ओढून घेऊन भराभर खायला लागली. महिन्यात तिनं माझ्या हातचं इतक्या भुकेनं काही खाल्लं नव्हतं. मी तिच्यासमोर बसून म्हणाले, "शुक्रवारी मजीदचाचा गावाला चाललेत. त्यांच्याबरोबर जायचंय तुला?" तिनं चमचा थांबवला. माझ्याकडे पाहिलं, आईच्या त्या डोळ्यांनी. मी नजर हलवली नाही, सकाळी तिनं हलवली नव्हती तशी. "जा हं," मी म्हणाले. "तुला जायचं असेल तर जा. मी रागवणार नाही."

तिनं रिसिव्हर कानाला नीट लावला. पलीकडे आपा "हॅलो, हॅलो, खावला काय गं?" म्हणून ओरडत होती.

"खावला," झरीन म्हणाली. "इथल्या अम्मीनं केली पेज. चांगली केली." मग जरा थांबून, ओठावरचा भात पुसत, "मी शुक्रवारी येतंय, अम्मी. इथल्या अम्मीना पन आनू?"

आपा काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पहिल्यांदाच ती हळू बोलत होती. मी वाटी उचलून स्वयंपाकघरात गेले आणि तळाशी राहिलेली पेज पुन्हा वाढून आणली.